बऱ्या होणाऱ्या कर्करोगाचे बळी

कर्करोग म्हणजे मृत्यूचे फर्मान, ही समजूत समाजात इतकी खोल रुजली आहे की ती खोटी ठरवणारी उदाहरणे समोर असूनही लोकांचा त्यांवर विश्वास बसत नाही. या समजुतीने सर्वांत मोठे नुकसान होते ते नेमके अशा रुग्णांचे, ज्यांच्या बाबतीत ती सर्वांत कमी खरी असते. अंडाशयातील बीजपेशींचा कर्करोग हे याचे ठळक उदाहरण होय. हा रोग दुर्मीळ आहे. तो प्रामुख्याने १० ते ३० या वयातील मुलींना व तरुण स्त्रियांना होतो आणि झपाट्याने वाढतो. परंतु वेळीच ओळखून योग्य उपचार केल्यास, थोडे अपवाद सोडता, तो पूर्ण बरा होतो. बऱ्या झालेल्या मुलीची पाळी बहुधा पूर्ववत सुरू होते, पुढे तिला मूलही होऊ शकते. त्यासाठी लागणारी औषधे जुनी आहेत, त्यांवर आज कोणाचे पेटंट उरलेले नाही, आणि ती भारतातच तयार होतात. असे असूनही जेव्हा एखादी मुलगी या रोगाने दगावते, तेव्हा तिच्या मृत्यूचे कारण केवळ वैद्यकाच्या पुस्तकात शोधून भागत नाही. ते तिच्या गावापासून इस्पितळापर्यंतच्या रस्त्यावर शोधावे लागते.

हा रस्ता नीट तपासायचा असेल तर तंजावरकडे पाहावे. उत्तरेकडील एखाद्या राज्यातील मोडकळीला आलेल्या आरोग्य केंद्राकडे बोट दाखवून प्रश्न सोपा करून टाकता येतो. तंजावरला ती सोय नाही. तामिळनाडूची सार्वजनिक आरोग्यसेवा देशातील चांगल्या सेवांमध्ये गणली जाते. तंजावर शहरात पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस उभे राहिलेले सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, राज्याची आरोग्य विमा योजना आहे, औषध खरेदीची सुसूत्र यंत्रणा आहे. दुसरीकडे, हा कावेरीच्या खोऱ्यातील भातशेतीचा मुलूख आहे आणि येथील भातलावणी पिढ्यान्‌पिढ्या भूमिहीन शेतमजूर स्त्रियांच्या कंबरेवर उभी आहे. म्हणून प्रश्न असा विचारला पाहिजे: जो रोग मुंबईच्या परळमध्ये वा चेन्नईच्या अड्यारमध्ये बरा होतो, तो पट्टुकोट्टै वा ओरत्तनाडुच्या शेतमजुराच्या मुलीच्या बाबतीतही तितक्याच खात्रीने बरा होतो काय? होत नसेल तर कोठे अडते?

मराठी वाचकाला तंजावर परिचित आहे ते सरस्वती महाल ग्रंथालयामुळे आणि बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले घराण्याचा इतिहास सांगणाऱ्या प्रदीर्घ मराठी शिलालेखामुळे. शिलालेख कोरवून घेणाऱ्या त्याच दुसऱ्या सरफोजींनी धन्वंतरी महाल नावाची संस्था चालवली होती. तेथे देशी वैद्यकाबरोबर पाश्चात्त्य वैद्यकाचाही अभ्यास होत असे. नेत्ररोग्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे आणि त्यांच्यावरील उपचारांच्या नोंदी आजही उपलब्ध आहेत. राजेशाहीचे गोडवे गाण्याचे येथे काही कारण नाही. ध्यानात घ्यायचे ते इतकेच, की रुग्णागणिक नोंद ठेवल्यावाचून रोगाचे ज्ञान वाढत नाही, ही जाणीव या शहरात दोनशे वर्षांपूर्वी होती. पुढे एकोणिसाव्या शतकात उभ्या राहिलेल्या इस्पितळाचे नाव राजा मिरासदार इस्पितळ असे आहे. मिरासदार या शब्दाचा अर्थ मराठी वाचकाला सांगण्याची गरज नाही. ज्या स्त्रियांच्या श्रमावर ही मिरासदारी पोसली गेली, त्यांच्या नाती-पणती आज त्याच इस्पितळाच्या स्त्रीरोग व प्रसूती विभागात रांगेत उभ्या असतात.

आता रोगाविषयी. अंडाशयाचा कर्करोग हा शब्द उच्चारला की डॉक्टरांच्याही डोळ्यांसमोर प्रथम येते ती पन्नाशी-साठीची स्त्री. अंडाशयाच्या बाह्य आवरणाशी निगडित असलेला तो नेहमीचा प्रकार बहुतेक वेळा पोटभर पसरल्यावरच उघडकीस येतो आणि उपचारानंतरही पुन्हा उलटतो. बीजपेशींचा कर्करोग हा त्याहून सर्वस्वी वेगळा आहे. ज्या पेशींपासून पुढे स्त्रीबीज तयार व्हायचे, त्या मूळ पेशीच येथे बिघडतात. गर्भावस्थेत या पेशी पीतक कोशाजवळून प्रवास करीत अंडाशयात येतात; त्यांच्या अंगी शरीराचा कोणताही भाग घडवण्याची क्षमता असते. म्हणूनच त्यांच्यापासून होणाऱ्या काही साध्या, निरुपद्रवी गाठींमध्ये केस आणि दातही सापडतात. खेडोपाडी अशी गाठ निघाली की करणीची चर्चा सुरू होते. करणी वगैरे काही नसते. असतो तो पेशींच्या वाढीचा एक चुकलेला क्रम.

घातक गाठींचेही अनेक प्रकार आहेत. डिसजर्मिनोमा हा त्यांतला सर्वांत अधिक आढळणारा आणि उपचाराला उत्तम दाद देणारा. दुसरा पीतक कोशाशी साम्य असलेला, अतिशय वेगाने वाढणारा. तिसरा अपक्व टेराटोमा. शिवाय त्यांचे मिश्रणही असते. पाश्चात्त्य देशांत अंडाशयाच्या सर्व कर्करोगांत या गटाचे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी आहे. आशियात ते काहीसे अधिक आढळते. वीस वर्षांखालील मुलींचा वेगळा विचार केला, तर मात्र चित्र उलटते: त्या वयात अंडाशयात घातक गाठ असेल तर ती बहुधा याच गटातील असते. ज्याला दुर्मीळ म्हणून बाजूला सारले जाते ते त्या वयोगटात दुर्मीळ राहत नाही, हे शाळकरी मुलीच्या पोटदुखीकडे पाहणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

या गाठींचा एक गुण रुग्णाच्या बाजूचा आहे. त्यांपैकी अनेक गाठी रक्तात काही द्रव्ये सोडतात: अल्फा फीटोप्रोटीन, बीटा एचसीजी, एलडीएच. साध्या रक्ततपासणीत ती मोजता येतात. कोणते द्रव्य वाढले आहे यावरून गाठीचा प्रकार बराचसा ओळखू येतो, उपचार लागू पडत आहेत की नाही हे कळते, आणि रोग उलटल्यास पुष्कळदा मुलीला त्रास जाणवण्याआधीच सुगावा लागतो. सोनोग्राफी आणि या तीन तपासण्या यांना फार मोठे इस्पितळ लागत नाही. लागतो तो तरुण मुलीच्या पोटातील गाठीच्या वेळी त्या शस्त्रक्रियेपूर्वी करून घेण्याचा शिरस्ता.

उपचाराचा इतिहास मुद्दाम सांगितला पाहिजे, कारण त्यात एक मोठा धडा आहे. सत्तरीच्या दशकापूर्वी पीतक कोश प्रकारची गाठ झालेली मुलगी, शस्त्रक्रिया उत्तम होऊनही, सामान्यतः दोन वर्षांच्या आत दगावत असे. १९६५ साली अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग हे जिवाणूंच्या वाढीवर विद्युत्प्रवाहाचा काय परिणाम होतो ते पाहत होते. जिवाणूंचे विभाजन थांबले. पण ते विजेमुळे नव्हे, तर विद्युताग्रांतून सुटणाऱ्या प्लॅटिनमच्या संयुगांमुळे, असे त्यांना आढळले. त्यातून सिसप्लॅटिन हे औषध निघाले. गंमत अशी की हे संयुग रसायनशास्त्रज्ञांना एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक होते. सव्वाशे वर्षे त्याचा उपयोग कोणाच्या ध्यानी आला नव्हता. जपानमध्ये हामाओ उमेझावा यांनी मातीतील सूक्ष्मजीवापासून ब्लिओमायसिन मिळवले. कॅनडातील वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठात रॉबर्ट नोबल व चार्ल्स बीअर यांनी पन्नाशीच्या दशकात सदाफुलीच्या पानांतून व्हिनब्लास्टिन वेगळे केले. हीच सदाफुली तामिळनाडूत नित्यकल्याणी म्हणून प्रत्येक अंगणात फुलते आणि राज्याच्या कोरडवाहू भागात औषधी पीक म्हणूनही घेतली जाते. १९७४ पासून अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात लॉरेन्स आइनहॉर्न यांनी ही तीन औषधे एकत्र करून तरुण पुरुषांच्या वृषणाच्या कर्करोगावर वापरली आणि मरणाच्या दारातील रुग्ण उठून घरी गेले. वृषणातील व अंडाशयातील बीजपेशी मूलतः एकच असल्याने तोच उपचार मुलींनाही लागू पडला. पुढे व्हिनब्लास्टिनची जागा हिमालयातील बनककडीच्या जातीच्या वनस्पतींतील द्रव्यापासून बनवलेल्या इटोपोसाइडने घेतली. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत गाठ पूर्ण काढून नंतर या औषधांची तीन आवर्तने दिलेल्या ९३ रुग्णांपैकी अपवाद वगळता सर्व जणी रोगमुक्त राहिल्या. कर्करोगाच्या इतिहासात असे निकाल वारंवार पाहायला मिळत नाहीत.

या सगळ्या शोधांत विद्यापीठे आणि सार्वजनिक पैशावर चाललेले संशोधन यांचा वाटा किती मोठा आहे, हे सहज दिसेल. औषध कंपन्यांनी काहीच केले नाही असे म्हणणे सत्याला सोडून होईल. इटोपोसाइड एका स्विस कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाले. परंतु जिवाणूंवर वीज सोडून पाहणारा प्रयोग कोणत्याही संचालक मंडळाने मंजूर केला नसता. आणि दुर्मीळ रोगाचे रुग्ण ही नफ्याच्या दृष्टीने बाजारपेठच नव्हे. या मुली वाचल्या त्या बऱ्याच अंशी योगायोगाने: त्यांचा रोग तरुण पुरुषांच्या रोगाचा सख्खा भाऊ निघाला म्हणून.

औषध सापडले म्हणजे ते मिळत राहीलच असेही नाही. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर नव्हे तर ते बनवण्याच्या प्रक्रियेवरच पेटंट मान्य केले. त्या बळावर भारतीय कारखान्यांनी परदेशी औषधे वेगळ्या मार्गाने बनवून स्वस्त केली. २००५ च्या दुरुस्तीने ती वाट नव्या औषधांपुरती अरुंद झाली. सिसप्लॅटिन, इटोपोसाइड व ब्लिओमायसिन ही तिन्ही औषधे त्या कचाट्याबाहेर आहेत आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आहेत. तरीही स्वस्तपणा हाच त्यांचा शत्रू ठरू शकतो. २०२२ च्या अखेरीस अमेरिकी औषध प्रशासनाच्या तपासणीत दोष आढळल्यानंतर अहमदाबादजवळच्या एका कारखान्याने उत्पादन थांबवले, आणि २०२३ मध्ये जगातील सर्वांत श्रीमंत देशाच्या इस्पितळांत सिसप्लॅटिनचा तुटवडा पडला. कोणत्या रुग्णाला द्यावे आणि कोणाला नाही, याची चर्चा तेथील डॉक्टरांना करावी लागली. शेवटी चीनमधून औषध आणण्यास परवानगी द्यावी लागली. किंमत तळाला गेलेले औषध बनवणारे कारखानदार मोजकेच उरतात, आणि त्यांतला एक बंद पडला की अर्धे जग अडते. बाजाराच्या हाती सोपवलेल्या औषधपुरवठ्याचे याहून बोलके उदाहरण कोणते? भारतात मात्र २०१६ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने सार्वजनिक क्षेत्रातील औषध कंपन्या बंद करण्याचा वा विकण्याचा निर्णय घेतला. पिंपरीची हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही त्यांपैकीच एक. या कारखान्यांनी प्रामुख्याने प्रतिजैविके बनवली हे खरे. पण ज्या औषधात कोणाला रस उरलेला नाही ते बनवण्यास सरकारजवळ आपले स्वतःचे हात असावेत, या तत्त्वाचाच तो त्याग होता.

तामिळनाडूने या बाबतीत एक शहाणपणाची गोष्ट केली. १९९४ साली स्थापन झालेल्या राज्याच्या वैद्यकीय सेवा महामंडळामार्फत सर्व सरकारी इस्पितळांसाठी औषधे एकत्र खरेदी होतात, जिल्ह्यांच्या गुदामांत ठेवली जातात आणि प्रत्येक इस्पितळ आपल्या पासबुकावर ती उचलते. महाराष्ट्राने औषध खरेदीचे काम २०१७ मध्ये हाफकिनकडे दिले, मग २०२३ मध्ये स्वतंत्र प्राधिकरण काढले. मधल्या काळातील रिकाम्या कपाटांची कहाणी वाचकांना ठाऊकच आहे.

तेव्हा औषध आहे, महाविद्यालय आहे, यंत्रणा आहे. आता त्या मुलीकडे वळावे.

पोट फुगते, दुखते, हाताला गाठ लागते. कधी गाठीला पीळ पडून एकाएकी असह्य कळा येतात. अविवाहित मुलीचे पोट वाढू लागले की घरात आणि गल्लीत पहिला संशय कोणता येतो हे सांगायला नको. येथे रोग एक क्रूर चेष्टा करतो. या गटातील काही गाठी बीटा एचसीजी सोडतात, आणि लघवीच्या साध्या गर्भचाचणीत तपासले जाते ते हेच द्रव्य. म्हणजे पंधरा-सोळा वर्षांच्या, कोणाशीही संबंध न आलेल्या मुलीची गर्भचाचणी होकारार्थी येऊ शकते. तिच्या बोलण्यावर विश्वास ठेवून सोनोग्राफी करणारी परिचारिका वा डॉक्टर भेटली तर निदान त्याच दिवशी होते. न भेटल्यास मारहाण, कोंडून ठेवणे, गुपचूप औषधे देणे यांत आठवडे जातात. आणि ही गाठ आठवड्यांच्या हिशेबाने वाढणारी आहे. स्त्रीच्या शब्दापेक्षा तिच्यावरील संशयाला अधिक वजन देणारी समाजव्यवस्था येथे अक्षरशः रोगाची वाढ करते. गावपातळीवर काम करणाऱ्या परिचारिकेला व आशा कार्यकर्तीला ही एक गोष्ट शिकवण्यास खर्च जवळजवळ काहीच नाही.

दुसरा धोका पहिल्या शस्त्रक्रियेचा. पोटात पीळ पडलेली गाठ रात्री-अपरात्री जवळच्या एखाद्या खासगी रुग्णालयात अपेंडिक्स समजून उघडली जाते. समोर मोठी, भेसूर गाठ दिसते. घाबरलेला शल्यविशारद दोन्ही अंडाशय आणि गर्भाशय काढून टाकतो, किंवा गाठ फोडून तुकड्यातुकड्याने काढतो. या रोगात दोन्ही गोष्टी चूक आहेत. रोग एका अंडाशयातून पसरलेला असला तरी दुसरे, निरोगी अंडाशय आणि गर्भाशय राखून शस्त्रक्रिया करावी, कारण उरलेला रोग औषधे नष्ट करतात, हा या उपचारातील मूलभूत नियम आहे. गाठ अखंड काढावी, पोटातील इतर भाग नीट तपासावेत, आणि काढलेले सर्व काही विकृतिशास्त्र विभागाकडे पाठवावे. शेवटची गोष्ट सांगावी लागते हेच दुर्दैव. पण तपासणीचे पैसे वाचवण्यासाठी गाठ बादलीत टाकली गेली की तिचा प्रकार कोणता होता हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

कष्टकरी स्त्रीच्या गर्भाशयाची किंमत आपल्या व्यवस्थेत काय आहे हे बीड जिल्ह्याने दाखवून दिले आहे. २०१९ च्या शासकीय सर्वेक्षणात ८२ हजारांहून अधिक ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची पिशवी काढलेली आढळली. त्यांतील कित्येकींना कर्करोगाची भीती घातली गेली होती, आणि मुकादमाचा दंड टाळण्यासाठी पाळीचे दिवस नकोत, ही निकड होतीच. जेथे कर्करोग नव्हता तेथे त्याच्या नावाने पिशव्या काढल्या गेल्या. जेथे तो खरोखर आहे आणि पिशवी राखता येते, तेथे ती राखली जाईल याची हमी कोणी द्यायची?

यानंतर येते रसायनोपचाराचे पर्व. एका आवर्तनात पाच दिवस सलग सलाईनमधून औषधे, मध्ये ब्लिओमायसिनची साप्ताहिक सुई, आणि २१ दिवसांनी पुन्हा पहिल्यापासून. अशी तीन वा चार आवर्तने. सिसप्लॅटिनने प्रचंड मळमळ होते, मूत्रपिंडांना व कानांना इजा होऊ शकते, म्हणून आधी व नंतर भरपूर सलाईन द्यावे लागते. ब्लिओमायसिनच्या वेळी फुप्फुसांवर लक्ष ठेवावे लागते. केस जातात, ते परत येतात, हे मुलीला पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजे. लहान मुलींचे कान व मूत्रपिंड वाचावेत म्हणून ब्रिटनमध्ये सिसप्लॅटिनऐवजी कार्बोप्लॅटिन वापरण्याची पद्धत आहे. डिसजर्मिनोमाचा छोटा, एकाच अंडाशयापुरता रोग असेल तर शस्त्रक्रियेनंतर औषधांशिवाय केवळ काटेकोर देखरेख पुरते. यांतले काहीही तंजावरच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवाक्याबाहेरचे नाही. परंतु एक अट आहे: आवर्तन ठरलेल्या दिवशी झाले पाहिजे. दोन आवर्तनांनी पोट मऊ पडते, मूल हिंडू-फिरू लागते आणि घरच्यांना वाटते की रोग गेला. येथेच उपचार अर्धवट सुटतात.

सुटतात ते अज्ञानामुळे, असा शेरा मारून मोकळे होणे सोपे आहे. नऊ ते बारा आठवडे म्हणजे काय, याचा हिशेब शेतमजुराच्या घरात मांडून पाहावा. मेट्टूर धरणाचे पाणी सुटून कुरुवै भाताची लावणी सुरू झाली की वर्षाच्या कमाईचे दिवस सुरू होतात. मुलीजवळ इस्पितळात बसायचे म्हणजे आईची मजुरी बुडाली. धाकट्या भावंडांसाठी थोरली बहीण शाळेतून निघाली. उसने घेतले त्याचे व्याज वेगळे. विमा योजना शस्त्रक्रियेचे आणि औषधांचे पैसे इस्पितळाला देते, खासगी इस्पितळालाही देते. आईच्या बुडालेल्या मजुरीचा रकाना तिच्या अर्जात नसतो. उपचार मोफत असूनही घर कर्जबाजारी होते ते या न लिहिलेल्या रकान्यामुळे. रुग्णासोबत राहणाऱ्या शेतमजूर व असंघटित कामगारांना उपचाराच्या प्रत्येक दिवसाची किमान मजुरी मिळाली पाहिजे. ही मागणी शेतमजूर संघटनांनी वेतनाच्या मागणीइतक्याच जोराने मांडली पाहिजे, कारण ती वेतनाचीच मागणी आहे.

तंजावरपासून जवळच पुदुकोट्टै आहे. तेथे १८८६ साली मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांचा जन्म झाला. त्यांच्या मातोश्री देवदासी समाजातील होत्या. त्या स्वतः डॉक्टर झाल्या, १९२७ मध्ये मद्रास विधिमंडळात गेल्या, देवदासी प्रथेविरुद्ध लढल्या. धाकट्या बहिणीला कर्करोगाने तडफडून मरताना त्यांनी पाहिले होते. त्यांच्या चिकाटीतून १९५४ साली अड्यारला कर्करोग संस्था सुरू झाली, तेव्हा तीत १२ खाटा होत्या. १९५५ मध्ये तेथे आलेल्या डॉ. व्ही. शांता २०२१ मध्ये निधन होईपर्यंत त्याच संस्थेत राहिल्या. कर्करोग हा बरा होऊ शकतो आणि गरिबाला परवडतो, हे या दोन स्त्रियांनी सिद्ध केले. मात्र त्यांचे पुण्यस्मरण करणारे राज्यकर्ते एक गोष्ट विसरतात: अड्यार तंजावरपासून सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर आहे. दुर्मीळ रोगाची गाठ ओळखण्यात तरबेज असलेले विकृतिशास्त्रज्ञ प्रत्येक जिल्ह्यात असू शकत नाहीत, हे मान्य. त्यासाठी मुलीने अड्यारला जाण्याची गरज नाही. काचपट्टी जाऊ शकते. निदान आणि सल्ला केंद्रातून, उपचार जिल्ह्यात, अशी विभागणी शक्य आहे. २०१२ मध्ये टाटा स्मारक केंद्राच्या पुढाकाराने राष्ट्रीय कर्करोग जाळे उभे राहिले ते याच विचाराने.

सरफोजींच्या नोंदवह्यांचा उल्लेख वर आला. तामिळनाडूत २०१२ पासून अड्यारच्या संस्थेने राज्यव्यापी कर्करोग नोंदणीचे काम हाती घेतले आहे. महाराष्ट्रात त्याआधीच, १९८७ पासून, बार्शी, परांडा व भूम तालुक्यांतील ३४६ गावांत ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शीच्या कार्यकर्त्यांनी केवळ मृत्यू मोजले नाहीत. ते गावोगाव फिरले, स्त्रियांशी बोलले, लक्षणे असणाऱ्यांना इस्पितळात यायला लावले. आणि काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण अधिक लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्या. यंत्रे तीच, डॉक्टर तेच; बदलले ते गावाशी असलेले नाते. अंडाशयाच्या कर्करोगासाठी सरसकट चाळणी तपासणी उपयोगी पडत नाही. त्यामुळे बोलणे, ऐकणे आणि वेळेवर पाठवणे एवढेच साधन उरते, आणि बार्शीने ते किती परिणामकारक असते ते दाखवले आहे.

उपचार संपला तरी मुलगी लगेच मोकळी होत नाही. रोग उलटायचा झाल्यास बहुधा पहिल्या दोन वर्षांत उलटतो. म्हणून पहिले वर्ष दर महिन्याला, दुसऱ्या वर्षी दर दोन महिन्यांनी रक्तातील ती द्रव्ये तपासावी लागतात. उलटलेला रोगही लवकर सापडला तर बरा करता येतो. नेमक्या याच काळात घरात लग्नाची बोलणी सुरू होतात आणि आजार लपवण्यासाठी तपासण्या चुकवल्या जातात. दुसरी अडचण प्रवासाची. मे २०२१ पासून तामिळनाडूत साध्या शहरी बसमध्ये स्त्रियांना तिकीट नाही. तंजावरच्या भोवतालच्या गावांतील मुलगी त्यामुळे फुकट येऊ शकते, लांबच्या गावाहून येणारीला मात्र पुढच्या बसचे तिकीट काढावे लागते. महाराष्ट्रात मार्च २०२३ पासून एस.टी.चे अर्धे भाडे पडते. रेल्वेत कर्करोग रुग्णांना सवलत आहे, पण तिच्यासाठी दर वेळी प्रमाणपत्र हवे. शेवटच्या आवर्तनाच्या दिवशी मुलीच्या हाती पुढील दोन वर्षांच्या तपासण्यांच्या तारखा छापलेले एक कार्ड द्यावे, आणि ते कार्ड तिच्यासह सोबतच्या एका माणसाला कोणत्याही सरकारी बसमध्ये आणि रेल्वेत पास म्हणून चालावे. कार्डावर रोगाचे नाव छापण्याची आवश्यकता नाही.